तालीम, नक्कल आणि पात्र : नाट्येतिहासाच्या एका उपेक्षित साधनाविषयी

१. प्रस्ताव

जुन्या नाटकाचे एखादे हस्तलिखित हाती आले म्हणजे संग्राहकास जो आनंद होतो तो आमच्या वाचकांस वर्णन करून सांगावयास नको. कागद कोणत्या जातीचा, शाई कोणती, लेखक कोण, शक कोणता, छापील प्रतीशी पाठभेद किती, असे प्रश्न ओळीने उभे राहतात व त्यांची उत्तरे बहुधा मिळतातही. परंतु त्याच नाटकाचा जो दुसरा एक कागद असतो, म्हणजे नटाने आपल्यापुरती उतरून घेतलेली 'नक्कल', तिजकडे सहसा कोणी पाहत नाही. ती अपुरी असते. तीत एकाच पात्राची भाषणे आणि त्यांपूर्वीचे दुसऱ्याचे दोन-चार शब्द एवढाच मजकूर असतो. हाताळून हाताळून तिचे कोपरे झिजलेले असतात, समासात पेन्सिलीच्या खुणा असतात, आणि मूळ संहिता छापलेली असल्यामुळे पाठनिश्चितीच्या कामी तिचा उपयोग शून्य. सबब ती रद्दीत जाते.

प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच दाखविण्याचा आहे की, नाटकातील पात्र संहितेत जन्मास येते हे अर्धेच सत्य होय. त्याची उरलेली घडण तालमीत होते; आणि त्या घडणीचा लेखी पुरावा उरलाच तर तो ह्या टाकाऊ नकलांच्या समासांत उरतो. हा विषय मांडण्यास आम्ही विशेष अधिकारी आहो असे नव्हे. संस्कृतचे अध्यापन करण्यात आमचा जन्म गेला. त्या ओघात शाळेच्या स्नेहसंमेलनांसाठी प्रवेश बसविणे हे काम अनेक वर्षे आमच्या गळ्यात पडत आले. राहणे पुण्याच्या कर्वेनगरात, म्हणजे पूर्वीच्या हिंगणे बुद्रुक गावच्या शिवारात. ह्या जागेचा प्रस्तुत विषयाशी काय संबंध, ते चौथ्या कलमापासून पुढे येईल. आणि ज्या साधनाची आम्ही वकिली करीत आहो त्याचा नाश खुद्द आमच्याच हातून कसा घडला, तेही सहाव्या कलमात सांगणे प्राप्त आहे.

२. शब्दविचार व शास्त्रविचार

'तालीम' हा शब्द अरबी. त्याचा मूळ अर्थ शिक्षण. मराठीत तो दोन ठिकाणी रुजला : एक कुस्तीच्या आखाड्यात व दुसरा नाटक मंडळींच्या बिऱ्हाडी. दोन्ही ठिकाणी वस्तादाच्या नजरेखाली तीच गोष्ट पुनःपुन्हा करून अंगवळणी पाडणे हाच भाव आहे. 'नक्कल' हाही शब्द अरबीच. दप्तरात त्याचा अर्थ प्रत, व्यवहारात सोंग, आणि नाटकवाल्यांच्या बोलीत नटाचा लेखी भाग. एकाच शब्दाने प्रत आणि अनुकरण ह्या दोहोंचा बोध व्हावा हे सूचक आहे. नवशिका नट प्रथम अक्षरांची नक्कल करितो, मग मास्तरांची नक्कल करितो, आणि त्याचे भाग्य असेल तर एके दिवशी दोन्ही नकला गळून पडून पात्र उभे राहते.

'पात्र' हा शब्द मात्र आपला. त्याचा पहिला अर्थ भांडे. ज्यात काही ओतावयाचे ते पात्र. कालिदासाने ह्या अर्थाचा उपयोग 'मालविकाग्निमित्रा'च्या पहिल्याच अंकात करून घेतला आहे. तेथे नाट्याचार्य गणदास म्हणतो त्याचा आशय असा की, शिकविणाऱ्याची विद्या योग्य पात्री पडली म्हणजे तिचा गुण वाढतो; मेघाचे पाणी समुद्रातील शिंपेत पडून त्याचे मोती व्हावे तसे. त्याच प्रसंगी तो मालविकेविषयी आणखी एक कबुली देतो : जो जो भाव आपण तिला दाखवावा तो ती अधिक करून दाखविते, जणू उलट आपणांसच शिकविते. तालमीविषयी आजवर जे वाङ्मय आमच्या वाचनात आले त्यात ह्याहून नेमके वचन आम्हांस आढळले नाही.

शास्त्रकारांनीही ह्या प्रश्नाचा विचार केला होता. भरताने नाट्यशास्त्राच्या शेवटच्या भागात भूमिकांच्या वाटपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. स्त्रीची भूमिका स्त्रीने व पुरुषाची पुरुषाने घ्यावी ती अनुरूपा. बालकाने वृद्धाची किंवा वृद्धाने बालकाची घ्यावी ती विरूपा. आणि पुरुषाने स्त्रीची किंवा स्त्रीने पुरुषाची घ्यावी ती रूपानुरूपा. वेषांतराची उपपत्ती सांगताना त्याने जीव एक देह सोडून दुसऱ्या देहाचा स्वभाव धारण करितो असा दृष्टांत दिला आहे. दृष्टांत सुंदर खरा. परंतु जिवास देह बदलताना तालीम लागत नाही, नटास लागते, हा भेद त्यात झाकला जातो.

तो भेद कालिदासाने उघड केला. 'विक्रमोर्वशीया'च्या तिसऱ्या अंकाच्या आरंभी भरताचे दोन शिष्य स्वर्गातील प्रयोगाची हकीकत बोलतात. सरस्वतीने रचलेल्या लक्ष्मीस्वयंवराच्या नाटकात उर्वशी लक्ष्मीची भूमिका करीत होती. तुझे मन कोणावर, असा प्रश्न येताच तिने 'पुरुषोत्तम' म्हणावयाचे ते 'पुरूरवा' म्हटले, आणि गुरूने शाप दिला. आम्ही हा प्रवेश वर्गात पस्तीस वर्षे शिकविला, व दर वेळी मुलांनी विचारले की तिचे चुकले काय. नक्कल चुकली हे उघड आहे. परंतु त्या क्षणी लक्ष्मीच्या तोंडून जे निघाले ते खऱ्या प्रीतीने निघाले. नटाचे स्वतःचे अंतःकरण भूमिकेत किती उतरू द्यावे, ह्या प्रश्नाचे हे सर्वांत जुने उदाहरण म्हणावयास हरकत नाही. ते उत्तम असो वा अधम, तालमीत हाच प्रश्न रोज सोडवावा लागतो.

३. मराठी रंगभूमीवर तालीम केव्हा आली

विष्णुदास भावे यांनी सांगलीस 'सीतास्वयंवर' केले ते इ. स. १८४३ मध्ये. त्या पद्धतीच्या खेळांत सूत्रधार पदे म्हणून कथा पुढे नेई, व पात्रे त्या धोरणाने आपापली भाषणे आयत्या वेळी करीत. राक्षसाने कसे गर्जावे, ऋषीने कसे बोलावे, ह्याचे ठरीव साचे होते. तेथे सोंग होते, सराव होता. परंतु अमुक एक वाक्य अमुक मनुष्य अमुक मनःस्थितीत का बोलतो हा प्रश्न उद्भवण्यास वाक्यच ठरलेले नव्हते. विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' इ. स. १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा ग्रंथबद्ध गद्य नाटकांपासून वाक्य स्थिर झाले. वाक्य स्थिर झाले म्हणजे त्याचा अर्थ लावणे आले; अर्थ लावणे आले म्हणजे शिक्षक आला. ह्या दृष्टीने पाहता मराठी रंगभूमीवरील तालीम ही छापील संहितेची कन्या होय.

शिक्षक हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. ह्या कामी जी माणसे पुढे आली त्यांत शाळा-कॉलेजांतील मास्तरांचा भरणा मोठा आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगावास शिक्षक होते. त्यांच्या 'संगीत शाकुंतला'चे पहिले चार अंक पुण्यास ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाले. गोविंद बल्लाळ देवल हे बेळगावासच त्यांचे विद्यार्थी व पुढे स्वतः शिक्षक. शेक्सपियरच्या 'हॅम्लेट'चे मराठी रूप 'विकारविलसित' हे आगरकरांनी केले, ते इ. स. १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. आणि ते शाहूनगरवासी मंडळींकडून बसवून घेणारे वासुदेव बाळकृष्ण केळकर हे फर्ग्युसन कॉलेजात इंग्रजीचे अध्यापक होते.

ह्या शेवटच्या उदाहरणाकडे थोडे लक्ष द्यावे. गणपतराव जोशी यांचे इंग्रजी शिक्षण यथातथाच होते. मूळ ग्रंथ वाचून त्यावरील टीकाकारांची मते तोलण्याचा मार्ग त्यांना खुला नव्हता. तरी त्यांच्या ह्या भूमिकेने महाराष्ट्रास पिढीभर वेड लावले. ह्याचा अर्थ असा की, त्या राजपुत्राचा संशय, त्याचा विलंब, त्याचे खरे-खोटे वेड ही सर्व सामग्री एका विद्वानाच्या समजुतीतून निघून, तालमीच्या मार्गाने, एका असामान्य नटाच्या देहात गेली. ग्रंथ व रंगभूमी ह्यांमधील हा जो पूल, तो कोणत्याही छापील प्रतीत दिसत नाही. अनुवाद आपणांपाशी आहे. नटाच्या कीर्तीचे लेख आहेत. परंतु कोणत्या वाक्यावर थांबावे, कोठे आवाज खाली घ्यावा, कोणाकडे पाठ करावी, हे ज्या बैठकांत ठरले त्यांचा कागद नाही.

४. देवल मास्तर, शारदा आणि हिंगणे

देवलांचा जन्म इ. स. १८५५ चा, मृत्यू १९१६ चा. त्यांच्या नावावर सात नाटके आहेत व त्यांपैकी 'शारदा' हे एकच सर्वस्वी स्वतंत्र. इतर संस्कृतातून वा इंग्रजीतून घेतलेली; 'विक्रमोर्वशीया'चे रूपांतरही त्यांनी केले, तेव्हा वर सांगितलेला उर्वशीचा प्रसंग त्यांच्या हाताखालून गेलेला होता. परंतु नाटककार देवलांइतकेच तालीम देणारे देवल मोठे होते. किर्लोस्कर मंडळीत नटांच्या दोन-तीन पिढ्या त्यांच्या हाताखाली तयार झाल्या. गणपतराव बोडस त्यांच्या शिक्षणातले. बालगंधर्व १९०५ मध्ये मंडळीत आले तेव्हा त्यांच्या गळ्यास शिकविण्यासारखे थोडेच होते, बोलण्यास शिकवावयाचे होते, व ते काम देवलांनी केले. त्यांच्या तालमीतल्या नटांचा लौकिक साध्या, घरगुती, स्वाभाविक बोलण्याबद्दल होता. बोडसांनी आपल्या आत्मचरित्रास 'माझी भूमिका' असे नाव दिले (इ. स. १९४०), त्यातील शब्दाची निवड अशाच शिक्षणाची साक्ष देते.

'शारदे'चा पहिला प्रयोग किर्लोस्कर मंडळीने इंदुरास १८९९ च्या जानेवारीत केला. कथानक सर्वविश्रुत आहे. कांचनभट द्रव्यलोभाने आपली कोवळी मुलगी पंचाहत्तरीच्या भुजंगनाथास देऊ पाहतो; भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करितो; कोदंड मोडता घालतो; वर व वधू सगोत्र आहेत हे उघडकीस येऊन लग्न मोडते. आम्हांस येथे कथानकाशी कर्तव्य नाही. शारदेचे काम करणारा मुलगाच असे. भरताच्या परिभाषेत ही रूपानुरूपा भूमिका. म्हातारा नवरा पाहून पोटात गोळा कसा उठतो, हे त्या मुलास स्वतःच्या अनुभवाने कळण्याचा मार्ग नव्हता. ते त्यास दुसऱ्याच्या घरात पाहून, मास्तरांच्या शब्दांतून समजून, आपल्या देहात आणावे लागे. म्हणजे करुणा ही येथे जन्मजात नव्हती. ती शिकून, घोटून मिळविलेली होती. शिकलेली करुणा खोटी असते असे काही लोक समजतात. आमचे मत उलट आहे. जे दुःख आपले नव्हे ते आपलेसे करण्याचा अभ्यास, हाच तालमीचा नैतिक भाग होय.

आणि येथेच आमच्या गावाची गोष्ट येते. 'शारदा' रंगभूमीवर आली त्याच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९०० मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात काढलेला अनाथ बालिकाश्रम हिंगण्यास हलविला. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी जमीन दिली, तीवर एक झोपडी उभी राहिली. कर्वे १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत. तेथील काम आटोपून सामानसुमान घेऊन ते पायी हिंगण्यास येत. ज्या अध्यापकवर्गात 'हॅम्लेट'चे भाषांतरकार आगरकर होते व त्याची तालीम देणारे केळकर होते, त्याच वर्गात हे गणिताचे अध्यापक होते. एका बाजूस नाटकगृहात मुलगा शारदेचे रडणे शिकत होता. दुसऱ्या बाजूस मुठेपलीकडच्या ह्या माळावर, ज्यांचे लग्न मोडावयास कोणी कोदंड आला नव्हता, अशा मुली अक्षरे शिकत होत्या. ह्या दोन गोष्टींत शेजार आहे, कार्यकारणभाव नव्हे. इतिहासकाराने शेजारास कार्यकारण समजू नये.

असाच एक गैरसमज येथेच दूर करणे इष्ट. १९२९ च्या बालविवाहप्रतिबंधक कायद्यास आपल्याकडे 'शारदा कायदा' म्हणत, त्यावरून तो देवलांच्या नायिकेच्या नावाने झाला अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः ते नाव हरबिलास सारडा ह्या विधेयककर्त्या गृहस्थांचे. तथापि महाराष्ट्रात 'सारडा' चे 'शारदा' इतक्या सहज व्हावे, ह्यात त्या पात्राने लोकांच्या मनात केवढे घर केले होते ते दिसून येते.

५. कागदातील व्यक्ती आणि तालमीतील पात्र

हिंगण्याचा संबंध एवढ्यावर संपत नाही. वसंत कानेटकर यांचे 'हिमालयाची सावली' हे नाटक १९७२ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातील नानासाहेब भानू व बयो ही जोडी कर्वे दांपत्यावरून सुचलेली आहे. डॉ. श्रीराम लागू यांनी भानूंचे व शांता जोग यांनी बयोचे काम केले. कानेटकरांनी खरी नावे ठेविली नाहीत, हे त्यांनी योग्य केले. कारण नाव बदलताच नाटककार साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरतो.

परंतु संग्राहकास येथे एक दुर्मिळ संधी आहे. ह्या जोडप्याचे दोन्ही बाजूंचे मूळ कागद आपणांपाशी आहेत. कर्व्यांचे 'आत्मवृत्त' १९१५ चे. आनंदीबाईंनी, म्हणजे बाया कर्वे यांनी, आपल्या आठवणी 'माझे पुराण' ह्या नावाने सांगितल्या. पहिला ग्रंथ तोलून-मापून लिहिलेला, गणित्याचा. दुसरा बोललेला, चुलीपुढचा. आनंदीबाई म्हणजे पूर्वाश्रमीच्या गोदूबाई, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. त्यांचा कर्व्यांशी पुनर्विवाह १८९३ मध्ये झाला. कर्व्यांनी आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसी आश्रमास देऊन टाकिली व त्यावरून घरात असंतोष झाला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे.

आता ह्याच एका प्रसंगाचा विचार करावा. कागद आपणांस सांगतो की पत्नीस हे रुचले नाही. इतिहासकाराचे काम येथे पुरे झाले. पण हाच प्रवेश तालमीस घेतला म्हणजे प्रश्नांचा पूर लोटतो. ती उभी होती की बसलेली? हातात काम होते की नव्हते? ती मोठ्याने बोलली की काहीच न बोलता ताट वाढले? त्याने वर पाहिले का? ह्यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर कागदात नाही, आणि ह्यांतील प्रत्येकाचे उत्तर नटीस संध्याकाळपर्यंत द्यावेच लागते. काय घडले हे सांगणे कागदाचे काम, कसे घडले असेल हे विचारणे तालमीचे. आमच्यासारख्या कागदनिष्ठांनी ह्यास कल्पनाविलास म्हणून हसू नये. पुष्कळदा तालमीतील असा प्रश्न घेऊन पुन्हा कागदाकडे गेले असता, पूर्वी नजरेतून निसटलेला शब्द तेथे सापडतो.

६. एका वहीची हकीकत

'शारदे'स शंभर वर्षे झाली त्या वर्षी, म्हणजे १९९९ मध्ये, कर्वेनगरातील ज्या शाळेत आम्ही होतो तेथे त्या नाटकातील एक प्रवेश बसवावा असे आमच्या मनात आले. शारदा व तिची आई इंदिराकाकू ह्यांचा प्रवेश निवडला. लेकीचे दुःख डोळ्यांना दिसते आहे व नवऱ्यापुढे आपले चालत नाही, अशी ही आई. हे काम नववीतील एका मुलीस दिले. मुलगी हुशार, उच्चार स्वच्छ, नक्कल दोन दिवसांत चोख पाठ.

तिसऱ्या दिवसापासून अडले. तिला रडता येईना. आम्ही, मास्तरांच्या सवयीप्रमाणे, रडून दाखविले. तिने आमच्या रडण्याची हुबेहूब नक्कल केली, आणि वर्ग खो खो हसला. कारण चाळिशीच्या एका मास्तराचे रडणे चौदा वर्षांच्या मुलीच्या तोंडावर बसले होते. आम्ही रागावलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडाभर आम्ही तिच्याकडून अश्रू घोटून घेण्याचा प्रयत्न केला, व ती दिवसेंदिवस अधिक यंत्रवत होत गेली. शेवटी काम दुसऱ्या मुलीस द्यावे असे आम्ही बोलूनही दाखविले. आज ते आठवले म्हणजे संकोच वाटतो.

त्या सायंकाळी जाता जाता तिने विचारले, "सर, ही बाई हे सगळं बोलते तेव्हा करत काय असते?" आम्हांस उत्तर सुचले नाही. आजवर आम्ही त्या भाषणातील समास सोडविले होते, हेतू सांगितला होता, रस सांगितला होता. परंतु ती बाई हातांनी काय करीत असेल हा विचार आमच्या मनास शिवला नव्हता. दुसऱ्या दिवशी मुलीने घरून सूप आणि दोन मुठी तांदूळ आणले. ती खाली बसली, तांदूळ निवडू लागली, आणि मान वर न करता सगळे भाषण बोलून गेली. आवाज चढला नाही, अश्रू आले नाहीत. एके ठिकाणी तिची बोटे थांबली. तिने एक खडा उचलला, पाहिला, बाजूस टाकला, आणि पुढचे वाक्य म्हटले. शारदेचे काम करणारी मुलगी खरोखरीच गप्प झाली. वर्गात कोणी हसले नाही. गणदासाची कबुली आम्ही इतकी वर्षे फळ्यावर अन्वय करून दाखवीत आलो होतो. ती त्या दिवशी आम्हांस लागू झाली.

हे तांदूळ मुलीस कोठे सापडले, असे पुढे विचारले. ती म्हणाली की तिची आजी अशीच बोलते : ज्या गोष्टीचा फार त्रास होतो ती सांगताना हातातले काम सोडत नाही. म्हणजे एका घरातली, एका वृद्धेची लकब तालमीच्या द्वारे शंभर वर्षांपूर्वीच्या संहितेत जाऊन बसली, व इंदिराकाकू तीतून उभी राहिली. देवलांनी ती लकब लिहिली नव्हती. पण लिहिलेले वाक्य असे होते की त्यात ती मावली.

आता आमच्या अपराधाची गोष्ट. सेवानिवृत्त होताना शाळेतील आमचे कपाट रिकामे करावयाचे होते. त्यात अनेक वर्षांच्या नाट्यप्रवेशांच्या नकला, मुलांच्या हातच्या, गठ्ठ्यांनी होत्या. संहिता सर्व छापील, तेव्हा ह्या कशास ठेवाव्या, असा विचार करून आम्ही त्या रद्दीवाल्यास दिल्या. ज्याने विद्यार्थ्यांना पाठभेदांचे महत्त्व शिकविले त्यानेच हे केले. पुढे काही महिन्यांनी, एका व्याकरणाच्या पुस्तकात खूण म्हणून घातलेली एक दुमडलेली वही सापडली. ती त्याच मुलीची इंदिराकाकूची नक्कल.

वही चौरेघी, आठ पाने, निळी शाई, समासात पेन्सिल. भाषणांत छापील प्रतीहून तीन ठिकाणी शब्द गळलेले आहेत. पाठनिश्चितीच्या दृष्टीने त्यांस किंमत नाही. परंतु समास पाहावा. पहिल्या दोन पानांवर आमचे शब्द तिच्या अक्षरात आहेत : 'येथे रडणे', 'हुंदका', 'पदर डोळ्यांना'. तिसऱ्या पानापासून त्या सर्वांवर एक आडवी रेघ. त्यापुढे तिचे स्वतःचे शब्द : 'वर बघायचे नाही', 'बोटे चालू', 'इथे थांबले तर शारदेला कळेल', आणि एका वाक्यासमोर एवढेच : 'खडा सापडतो'. पात्राच्या जन्माची इतकी स्पष्ट जन्मपत्रिका आमच्या पाहण्यात दुसरी नाही. आणि अशा किती पत्रिका आम्ही किलोच्या भावाने दिल्या, ह्याचा हिशेब करण्याचे धैर्य होत नाही.

७. संग्राहकांस विनंती

इतिहासाचार्य राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. तोपर्यंत ज्या कागदांस घरोघरचे लोक जुनेर समजत होते ते त्यानंतर साधन ठरले. कागद तेच, पाहणाराची दृष्टी पालटली. नटांच्या नकलांविषयी तीच दृष्टी आता यावी अशी आमची प्रार्थना आहे. बंद पडलेल्या मंडळींच्या ट्रंका, जुन्या हौशी संस्थांची कपाटे, गावोगावच्या मेळ्यांचे गठ्ठे, शाळांच्या स्नेहसंमेलनांची बाडे, ह्यांत त्या अद्यापि असतील. त्यांच्या जतनासाठी पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली : नक्कल मिळाल्यास ती छापील संहितेशी ताडून 'अशुद्ध व अपूर्ण' असा शेरा मारून बाजूस ठेवू नये. तिचा मजकूर गौण, समास मुख्य. दुसरी : पेन्सिलीच्या खुणा स्वच्छतेच्या हौसेने पुसू नयेत, व बांधणी करिताना समास कापू नयेत. तिसरी : एका अक्षरावर दुसरे अक्षर असेल तर दोहोंची स्वतंत्र नोंद करावी, मास्तरांचा हात कोणता व नटाचा कोणता, ह्यावरून शिकविलेले किती व उमगलेले किती ते कळते. चौथी : ज्याची नक्कल तो हयात असेल तर त्यास खुणांचा अर्थ विचारून त्याच्याच शब्दांत टिपून घ्यावा. आडवी रेघ म्हणजे थांबणे की खोडणे, हे त्याच्याविना कोणी सांगू शकणार नाही. पाचवी : ज्यांनी आपल्या हस्तदोषाने अशी साधने गमाविली असतील त्यांनी लाज न बाळगता निदान आठवणी लिहून ठेवाव्या. प्रस्तुत लेखाचा एक भाग त्याच प्रायश्चित्ताचा आहे.

कोणी आक्षेप घेतील की पेशव्यांच्या दप्तरापुढे नववीतल्या मुलीच्या वहीची मातब्बरी ती काय. आक्षेप रास्त आहे. परंतु दप्तरातून आपण राज्ये कशी चालली हे शोधितो. त्या राज्यांत, त्या घरांत, माणसे आपले दुःख कसे बोलत, कोठे थांबत, हेही कोणी शोधावयास हवे, आणि त्याची नोंद दप्तरात क्वचितच होते. ज्या माळावर आज कर्वेनगराच्या इमारती उभ्या आहेत त्यावर एके काळी राहिलेल्या कित्येक मुलींच्या मौनाचा कागद कोठेच नाही. चौदा वर्षांच्या एका मुलीने तसल्याच एका मौनाचा शोध दोन मुठी तांदळांत लाविला, व त्याची खूण समासात केली.

ती वही आम्ही विकत घेतलेल्या पोथ्यांच्याच फडताळात, लाल रुमालात बांधून ठेविली आहे. मालकीण आज कोठे संसारात असेल. तिचा पत्ता काढून, अनुमती घेऊन, वही संग्रहास देण्याचा आमचा मानस आहे. देण्यापूर्वी तिला एक विचारावयाचे आहे : तो खडा नेमका त्याच वाक्यावर का. असो. अलमतिविस्तरेण.